स्वतःची फ्लाय बांधताना: सामान आणि अवजारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं, किड्यासारखं किंवा छोट्या माशासारखं दिसणारं मासेमारीचं आमिष. ती बांधायला बसलेल्या माणसाला पहिली अडचण गाठीची येत नाही, ती सामानाची येते. नावं शेकडो, रंग हजारो, आणि प्रत्येक पाकिटावर तेच सर्वोत्तम असल्याचा दावा. खालचे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत आणि त्यांचे शब्द जमेल तितके तसेच ठेवले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अगदी सुरुवातीला नेमकं काय काय लागतं?

अवजारं पाच. गळ घट्ट धरणारा व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन होल्डर, बारीक टोकाची कात्री, पीस पकडायचा हॅकल चिमटा आणि एक दाभण. बॉडकिन या नावाने जे मिळतं ते मुठीत बसवलेली जाड सुईच असते. बाटलीच्या बुचात खोचलेली सुईसुद्धा गळाच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रात, शिरलेला गोंद काढायला आणि दबलेले तंतू मोकळे करायला पुरते.

शेवटची गाठ, म्हणजे व्हिप फिनिश, मारायला वेगळं अवजार मिळतं. पण ती दोन बोटांनीही मारता येते आणि आधी तशीच शिकावी असं माझं मत आहे. बोटांनी मारताना दोरा स्वतःच्याच वेढ्याखाली कसा जातो ते दिसतं, आणि ते एकदा दिसलं की अवजार हातात आल्यावर गोंधळ होत नाही.

यात एक चांगला दिवा धरा आणि व्हाइसच्या मागे ठेवायला फिक्या रंगाचा साधा कागद. मागे पसारा असला की डोळे लवकर थकतात.

२. तयार किट घेऊ का सुटं सामान?

सुटं घ्या. किटमध्ये वीस प्रकारचं साहित्य चिमूट-चिमूट असतं, त्यातून एका जातीच्या धड सहा फ्लाय बांधून होत नाहीत. आणि हात बसायला एकच फ्लाय निदान दोन डझन वेळा बांधावी लागते. बऱ्याच किटमधल्या व्हाइसचे जबडे मऊ धातूचे असतात, महिन्याभरात त्यांना खाचा पडतात आणि गळ घसरू लागतो.

आधी एक फ्लाय ठरवा, तिला लागेल तेवढंच भरपूर आणा. ती जमली की दुसरी ठरवा. या क्रमाने घेतलेलं सामान वापरलं जातं. उलट क्रमाने घेतलेलं कपाटात पडून राहतं आणि शेवटी कसर खाते (प्रश्न १९).

३. मग पहिली फ्लाय कोणती?

वूली बगर. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी ती १९६० च्या दशकात बांधली आणि आज ती जगभर ट्राउटपासून बासपर्यंत सगळ्या माशांसाठी वापरली जाते. शेपटीला मॅराबू नावाचं मऊ पीस, अंगाला शेनील, म्हणजे मखमली लवदार धागा, त्यावर फिरवलेलं एक हॅकल, म्हणजे कोंबड्याचं लांब पीस, आणि ते जागच्या जागी धरणारी तार. आठ किंवा दहा नंबरच्या लांब दांड्याच्या गळावर बांधा. आकार मोठा असल्याने काय चुकतंय ते डोळ्याला दिसतं, आणि प्रमाण थोडं बिघडलं तरी मासा घेतो.

मॅराबू हे नाव मॅराबू करकोच्यावरून आलं, कारण पूर्वी त्याचीच पिसं वापरत. आज त्या नावाने मिळतात ती टर्कीची मऊ पिसं.

४. व्हाइस निवडताना काय पाहायचं?

एकच परीक्षा: गळ अडकवा आणि दांड्यावर बोटाने खाली दाब द्या. चांगल्या व्हाइसमध्ये गळ वाकतो, पण जागेवरून फिरत नाही. वाईट व्हाइसमध्ये गळ खाली झुकतो आणि तुम्ही जबडा आणखी आवळत बसता. आवळून आवळून जबडा जातो, कधी गळच मोडतो. तुम्ही वापरणार त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा, असे दोन्ही गळ लावून पाहा. मोठा गळ धरणारा जबडा बावीस नंबरचा गळ धरील याची खात्री नसते, आणि बारीक निमुळता जबडा मोठ्या गळाखाली फाकतो.

टेबलाच्या कडेला आवळायचा शिकंजा की जड पाया? टेबल ठरलेलं असेल तर शिकंजा जास्त स्थिर राहतो. जागा बदलत असाल, किंवा टेबलाची कड जाड किंवा गोल असेल, तर पाया बरा. पाया मात्र खरंच जड हवा. हॅकल ओढताना हलका पाया हातासरशी पुढे येतो.

५. रोटरी व्हाइस नसला तर अडतं का?

नाही. खऱ्या रोटरी व्हाइसमध्ये गळाचा दांडा फिरण्याच्या अक्षावरच येतो, त्यामुळे दांडा गोल फिरवून तार किंवा टिन्सेल, म्हणजे चकचकीत पट्टी, सरळ रेषेत गुंडाळता येते. लांब अंगाच्या फ्लाय पुष्कळ बांधणाऱ्याला वेळ वाचतो. बाकीच्यांना त्याचा खरा उपयोग म्हणजे फ्लाय उलटी करून पोटाकडची बाजू पाहता येते. नुसता जबडा फिरतो पण दांडा अक्षावर येत नाही, असे व्हाइसही रोटरी म्हणून विकले जातात. घेण्याआधी गळ लावून फिरवून बघा. डोळा एकाच जागी फिरला तर खरा, वर्तुळ काढत फिरला तर फक्त बघण्यापुरता.

६. बॉबिन होल्डर तर सगळे सारखेच दिसतात. सिरॅमिकचाच घ्यावा का?

दोरा जिथून बाहेर पडतो त्या नळीची कड हीच यातली महत्त्वाची गोष्ट. धातूच्या नळीच्या कडेवर केसाएवढी खरड असली तरी ती दोऱ्याचा एकेक तंतू कापत राहते. सिरॅमिक नळी गुळगुळीत असते आणि गुळगुळीत राहते, म्हणून ती घ्यावी हे खरं. पण ती पडली तर तिचा टवका उडतो, आणि टवका उडालेली सिरॅमिक धातूपेक्षा वाईट. जमिनीवर पडली की कापसाचा बोळा नळीच्या तोंडावर फिरवा. धागा अडकला तर कड गेली.

दुसरी गोष्ट रिळावरच्या पकडीची. होल्डर हात सोडून लोंबकळला की स्वतःच्या वजनाने खाली येऊ नये, पण हलक्या हाताने ओढल्यावर दोरा सुटावा. पाय थोडे बाहेर वाकवले की पकड सैल होते, आत वाकवले की घट्ट. नवा होल्डर बहुतेक वेळा जास्तच घट्ट असतो.

७. कात्री किती घ्याव्यात?

दोन. एक बारीक टोकाची, फक्त दोरा आणि पिसांसाठी. दुसरी जुनी, तार, पिसाचे कणे आणि जाड प्लॅस्टिकसाठी. चांगल्या कात्रीने तार कापायचीच झाली तर टोकाने नाही, पात्याच्या मुळाशी कापा. हरणाचे केस आणि कृत्रिम तंतू कापताना निसटतात, त्यांना एका पात्याला बारीक दाते असलेली कात्री सोयीची. बोटं घालायची वेढी मोठी आहेत ना ते पाहा. सराईत लोक बांधताना कात्री खाली ठेवतच नाहीत, करंगळीशेजारच्या बोटात अडकवून तळहातात धरतात.

८. गळाचे नंबर उलटे का जातात?

नंबर वाढला की गळ लहान होतो: १२ पेक्षा १६ लहान, १६ पेक्षा २० लहान. फ्लायचे गळ बहुतेक सम नंबरांतच मिळतात. एकच्या पलीकडे मोठ्या बाजूला १/०, २/०, ३/० अशी मापं सुरू होतात आणि तिथे आकडा वाढला की गळ मोठा होतो.

नंबर सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. एकीचा १४ दुसरीच्या १२ ला भिडतो. म्हणून एका जातीच्या फ्लायसाठी एकाच कंपनीचा एकच गळ धरून ठेवा. डोक्याशी ओवायच्या मण्याचं, हॅकलचं, शेपटीचं असं सगळं प्रमाण गळावरून निघतं.

९. पाकिटावर “२एक्स लांब”, “१एक्स बारीक” लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

लांबीचा एक्स दांड्याचा. “२एक्स लांब” म्हणजे या गळाचा दांडा दोन मापं मोठ्या साध्या गळाइतका लांब, तोंडाची, म्हणजे टोक आणि दांडा यांमधल्या फटीची, रुंदी मात्र आपल्याच नंबरची. “बारीक” आणि “जाड” हे तारेबद्दल. बारीक तारेचा गळ हलका, पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायसाठी. जाड तारेचा गळ बुडणाऱ्या निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिलासारखी फ्लाय) आणि स्ट्रीमरसाठी (छोट्या माशासारखी लांब फ्लाय), शिवाय मोठा मासा लागला तर सरळ होत नाही.

दोन्ही कामांना एकच गळ वापरायचा मोह होतो. जाड तारेच्या गळावर बांधलेली ड्राय फ्लाय कितीही देखणी असली तरी दोन-चार फेकींत बुडते, आणि माणूस हॅकलला दोष देत बसतो.

टोकामागचा उलटा काटा, म्हणजे बार्ब, नसलेले गळ मी सुचवतो. मासा सोडायला सोपं जातं, आणि स्वतःच्या बोटात रुतला तरी निघतो. बार्ब असलेला गळ असेल तर बांधण्याआधीच तो पक्कडीने दाबून घ्या. बार्ब दाबताना एखादा गळ मोडतोच, तो फ्लाय बांधून झाल्यावर मोडण्यापेक्षा आधी मोडलेला बरा.

१०. दोऱ्यावर कुठे ६/० असतं, कुठे ८/०, कुठे ७० डेनियर. नक्की कोणता घ्यायचा?

डेनियर बघा, शून्यांकडे दुर्लक्ष करा. ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, म्हणून ७० डेनियर कुठेही ७०च. शून्यांची पद्धत जुनी आहे आणि तिला एक माप नाही. एका कंपनीचा ६/० सत्तर डेनियरच्या जवळचा असतो, दुसरीचा ६/० जवळजवळ दुप्पट.

सोळा नंबर आणि त्याहून लहान फ्लायला ७० डेनियर किंवा त्याहून बारीक. दहा-बाराच्या आसपास ७० ते १४०. मोठ्या स्ट्रीमरला १४० ते २१०. शिवणाचा दोरा चालेल का, असं बरेच जण विचारतात. तो साधारण २४० डेनियरच्या घरात येतो. चार नंबरच्या फ्लायवर सरावाला ठीक, सोळा नंबरवर नुसतं डोकंच वाटाण्याएवढं होतं.

नायलॉन थोडा ताणला जातो आणि ताण सुटला की साहित्यावर आवळून बसतो, नवशिक्याच्या हाताला तो बरा. पॉलिस्टर कमी ताणला जातो. जेल-स्पन पॉलिएथिलीनचा दोरा जाडीच्या मानाने फार मजबूत असतो, हरणाच्या केसांसाठी तोच हवा (प्रश्न १४), पण तो निसरडा असतो आणि त्याला मेण लावल्याशिवाय पहिले वेढे धरत नाहीत.

रंग? काळा, तपकिरी आणि पिवळट ऑलिव्ह, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

११. माझा दोरा सारखा तुटतो. दोरा बदलू का?

आधी कारण शोधा. तुटलेलं टोक भिंगाखाली पाहा. टोकाशी तंतू पिंजलेले असतील तर नळीची कड खराब आहे (प्रश्न ६), किंवा दोरा वारंवार गळाच्या टोकाला घासतोय. टोक एकाच जागी साफ तुटलं असेल तर हात जड आहे किंवा होल्डर जास्त घट्ट.

हात जड असेल तर यासाठी अर्धा तास द्या. मोकळ्या गळावर दोरा गुंडाळा आणि मुद्दाम तुटेपर्यंत ओढा. दहा वेळा तोडा. कुठे तुटतो ते हाताला कळलं की त्याच्या थोडं अलीकडे थांबायची सवय लागते. बांधणी घट्ट राहण्याचं सगळं गमक त्या थोड्या अंतरात आहे.

तिसरं कारण पिळाचं. गुंडाळताना प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एक पीळ चढतो किंवा सुटतो. पीळ असलेला दोरा गोल आणि चिवट, पीळ सुटलेला चपटा पण तंतू विखुरलेला. होल्डर मोकळा सोडून लोंबकळू द्या, तो कुठल्या बाजूला फिरतो ते पाहा आणि हवा तसा पीळ द्या किंवा काढा. चपटा दोरा अंग गुळगुळीत करायला आणि डोकं बारीक ठेवायला, पिळाचा दोरा साहित्य आवळायला.

१२. हॅकलसाठी केप घेऊ की सॅडल?

केप म्हणजे कोंबड्याच्या मानेची पिसं कातड्यासकट, सॅडल म्हणजे पाठीच्या मागच्या भागाची. केपमध्ये अगदी लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी मापं मिळतात, पण पीस आखूड. सॅडलची पिसं लांबलचक, एका पिसात चार-पाच फ्लाय होतात, पण सगळी जवळजवळ एकाच मापाची. दहापासून वीसपर्यंत थोड्या थोड्या बांधणाऱ्याने केप घ्यावी. एकाच मापाच्या डझनांनी बांधणाऱ्याने सॅडल घ्यावं.

माप असं घ्यायचं: पीस कातड्यावरच वाकवा, तंतू ताठ उभे राहतात. त्यांची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट हवी. मग एक तंतू नखाने दाबून पाहा, ताठ असेल तर तो लगेच परत उभा राहतो. कण्याजवळ लोकरीसारखा जाळीदार भाग जितका कमी, तितकं हॅकल ड्राय फ्लायला चांगलं, कारण तो भाग पाणी शोषतो. आणि कणा वाकवा. कडकड मोडत असेल तर ती केप जुनी किंवा सुकलेली आहे, घेऊ नका.

एवढ्या लांब आणि ताठ पिसांचे कोंबडे निसर्गात नसतात, ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले आहेत. ओरेगॉनमध्ये हेन्री हॉफमन यांनी वाढवलेला वाण १९८९ मध्ये कोलोरॅडोतल्या टॉम व्हाइटिंग यांच्याकडे गेला, आज मिळणाऱ्या उत्तम सॅडलचं मूळ बरंचसं तिथे आहे. २०११ च्या सुमारास हीच पिसं केसांत माळायची टूम निघाली आणि बांधणाऱ्यांना सॅडल मिळेनाशी झाली होती.

१३. साध्या कोंबडीची पिसं चालणारच नाहीत का?

ड्राय फ्लायला नाही चालत. बुडणाऱ्या फ्लायला उत्तम चालतात, किंबहुना तीच हवीत. कोंबडीचं पीस मऊ, पाणी पिणारं. प्रवाहात त्याचे तंतू किड्याच्या पायांसारखे उघडमीट करतात. ताठ महागडं हॅकल वेट फ्लायवर लावलं तर ती पाण्यात खराट्यासारखी ताठ उभी राहते. पिसं सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि मग प्रश्न १९ मध्ये सांगितलं आहे तसं गोठवा. चुरगळलेलं पीस चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर काही क्षण धरा. तंतू एकेक करून सरळ होताना दिसतात, आणि टाकून द्यायला काढलेलं पीस पुन्हा नवं होतं.

१४. हरणाचे केस माझ्या हातात पसरतच नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक वेळा केसच चुकीच्या जागेचे असतात. हरणाच्या अंगावरचे जाड केस आतून पोकळ कप्प्यांचे असतात, म्हणून ते तरंगतात आणि दोरा आवळला की फुलासारखे फाकतात. शेपटीचे केस, म्हणजे बकटेल, टोकाकडे जवळजवळ भरीव असतात, ते फाकत नाहीत आणि फाकूही नयेत. स्ट्रीमरच्या लांब पंखांसाठी ते असतात.

केस फिरवून डोकं किंवा अंग बनवायचं असेल तर पाठीचे किंवा पोटाचे जाड, मेणचट लागणारे केस घ्या आणि मुळाशी असलेली बारीक लव दाभणाने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने पूर्ण विंचरून काढा. लव राहिली की केस फिरतच नाहीत. मग मोकळ्या दांड्यावर दोन सैल वेढे आणि तिसऱ्याला घट्ट ओढ.

एल्क या मोठ्या हरणाचे केस कमी फाकतात, म्हणून ते पंखाला बरे. अल ट्रोथ यांनी १९५७ मध्ये बांधलेली एल्क हेअर कॅडिस याच गुणावर उभी आहे. पंखासाठी केसांची टोकं एका रेषेत यायला हवीत, त्यासाठी हेअर स्टॅकर नावाची छोटी नळी असते. केस घालायचे, टेबलावर ठोकायचं. लिपस्टिकच्या रिकाम्या नळीनेही होतं.

१५. सीडीसीची पिसं तेलकट असतात म्हणून तरंगतात, असं ऐकलं. धुतली तर वाया जातील का?

सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीवरच्या तेलग्रंथीभोवतीची पिसं. तेल मदत करतं, पण खरं काम पिसाच्या बांधणीचं आहे. त्याच्या तंतूंवर असंख्य सूक्ष्म फाटे असतात आणि त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. त्यामुळे रंगवताना धुतलेली सीडीसीसुद्धा तरंगते. वाया जाते ती लेपाने. फ्लाय तरंगवण्यासाठी मिळणारा चिकट लेप सीडीसीला लावला की फाटे एकमेकांना चिकटतात, हवा धरायला जागा उरत नाही. तिला कोरडी पूडच लावावी.

१६. डबिंग नैसर्गिक घ्यावं का कृत्रिम?

डबिंग म्हणजे दोऱ्यावर वळून फ्लायचं अंग बनवायची लव. फ्लाय तरंगणार असेल तर बीव्हर किंवा मस्क्रॅट यांसारख्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांची बारीक लव, किंवा पॉलिप्रोपिलीन, जे पाण्यापेक्षा हलकं असतं. बुडणार असेल तर सशाची लव, रानसशाच्या तोंडावरचे आणि कानाचे राठ केस. राठ केस अंगातून बाहेर येतात आणि किड्याच्या पायांचा भास देतात. कृत्रिम डबिंगचं बळ चमकेत आणि एकसारखेपणात आहे. दोन्ही मिसळायला हरकत नाही.

कोणतंही घ्या, लावायचं वाटतं त्याच्या चौथा हिस्सा. चिमटीत जेमतेम जाणवेल इतकं घेऊन दोऱ्यावर एकाच दिशेने वात वळावी तसं वळा. मागे-पुढे केलं की वळलेलं सुटतं. जाड अंग हवं असेल तर दुसरा थर द्या, पहिलाच जाड देऊ नका. अंग जाड होणं ही नवीन बांधणाऱ्याच्या फ्लायची ठळक खूण.

रंग नेहमी ओला करून ठरवा. डबिंग भिजलं की बहुतेक वेळा एक-दोन छटा गडद होतं. मासा ते कोरडं कधीच पाहत नाही. पाकिटातला फिकट ऑलिव्ह पाण्याच्या थेंबाखाली शेवाळी होतो.

१७. मणी पितळेचा का टंगस्टनचा? आणि शिशाची तार?

वजन बोलतं: पितळेची घनता पाण्याच्या साडेआठपट, शिशाची ११.३, टंगस्टनची सुमारे १९. वेगवान किंवा खोल पाण्यात फ्लाय लवकर तळाला जायला हवी असेल तर टंगस्टन. उथळ, संथ पाण्यात टंगस्टनची फ्लाय दगडांत अडकते, तिथे पितळ बरं, नाहीतर मणीच नको. फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निम्फ मण्याविना, दोऱ्याऐवजी नुसत्या तांब्याच्या तारेने बांधलेली आहे, आणि त्या तारेचं वजन तिला पुरतं.

माप ढोबळ असं: सोळा नंबरला सुमारे २.४ मिलिमीटर, चौदाला २.८, बाराला ३.३. भोक एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद असतं. अरुंद बाजू डोळ्याकडे. साधा गोल भोकाचा मणी काटकोनी डोळ्याच्या जिग गळावर नीट बसत नाही, त्याला चिरेचा मणी लागतो.

शिसं विषारी आहे. हाताळून झाल्यावर हात धुवा, दाताने तोडू नका. हंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिशाचं मासेमारीचं सामान चालत नाही. बिनशिशाची तार हलकी असते, दोन-चार वेढे जास्त द्या.

१८. फ्लायच्या डोक्याला काय लावावं: सिमेंट, नेलपॉलिश, सुपरग्लू की यूव्ही रेझिन?

गाठ नीट असेल तर पातळ हेड सिमेंटचा, म्हणजे डोक्यासाठीच्या गोंदाचा, एक थेंब पुरतो. बिनरंगी नेलपॉलिश चालतं, पण त्यातला द्रव फोमला खातो. सुपरग्लू पटकन धरतो, पण ठिसूळ असतो आणि त्याची वाफ शेजारच्या गडद पिसांवर पांढुरकी साय धरते. यूव्ही रेझिन डोळे चिकटवायला आणि पाठीवर काचेसारखा थर द्यायला छान. पातळ थर देत, प्रत्येक थर दिव्याखाली वाळवत जा. जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. ओलं रेझिन कातडीला लागू देऊ नका, त्याची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की जन्माची राहते. दिव्याकडे पाहू नका.

१९. पिसांना कीड लागते ती कशी रोखायची?

या प्रश्नाचं उत्तर मी एक चांगली केप गमावून शिकलो. डबा उघडला तेव्हा वरून सगळं ठीक दिसत होतं. पीस उचललं तर ते नुसतंच हातात आलं, मुळाशी कातडंच उरलं नव्हतं. तळाला तपकिरी वाळूसारखा चुरा, आणि त्यात केसाळ अळ्यांच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या रिकाम्या काती. कातडी खाणाऱ्या भुंग्याच्या अळ्या त्या. ज्या पाकिटातून त्या आल्या ते मी न तपासता थेट बाकीच्यांत ठेवलं होतं.

तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक पीस आणि कातडं आधी वेगळं राहतं. सुकं करून, हवा काढलेल्या बंद पिशवीत घालून, उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये निदान दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता साध्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. काही दिवसांनी पुन्हा गोठवा, कारण अंडी पहिल्या थंडीतून वाचू शकतात. मग प्रत्येक जिन्नस वेगळ्या झिप पिशवीत. एकात कीड निघाली तरी दुसऱ्यात जात नाही.

डांबरगोळ्यांवर विसंबू नका. वास साहित्यात मुरतो, वाफ आरोग्याला बरी नाही, आणि काही प्लॅस्टिकचे डबे त्याने मऊ पडतात.

२०. घरातल्या कोणत्या वस्तू खरंच उपयोगी पडतात?

जळालेल्या छोट्या मोटरच्या गुंडाळीतली तांब्याची तार, भरतकामाचा धागा, उसवलेल्या स्वेटरची लोकर, पार्सलमधला पातळ फोम, चिप्सच्या पाकिटाच्या चकचकीत पट्ट्या, पाळीव कुत्र्या-मांजराची विंचरून निघालेली लव. कात्री आणि गळ मात्र घरगुती जुगाडाने भागत नाहीत, तिथे काटकसर करू नका.

२१. मोराची किंवा रानकोंबड्याची पिसं वापरणं कायद्यात बसतं का?

पीस कुठून आलं आणि सीमा ओलांडणार आहे का, यावर ते अवलंबून आहे. भारतात मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. आपोआप गळलेल्या पिसांना देशात मुभा आहे, निर्यातीला नाही. राखाडी रानकोंबड्याच्या मानेची मेणाच्या थेंबासारख्या चकाकत्या ठिपक्यांची पिसं सामन माशासाठीच्या फ्लायमध्ये जंगल कॉक म्हणून प्रसिद्ध आहेत. हा पक्षी वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यवहाराला कागदपत्रं लागतात. बाजारात रीतसर येतात ती पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची. सीलची लव जुन्या कृतींत सारखी येते. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यापासून तिची विक्री बंद आहे.

२००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ दुर्मीळ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती याच छंदाच्या बाजारासाठी. त्यांच्यावरच्या नोंदीच्या चिठ्ठ्या तोडल्या की शास्त्राच्या दृष्टीने ती कायमची मुकी होतात. कोणत्याही फ्लायपायी हे व्हायला नको होतं. कागद नसलेलं दुर्मीळ पीस कोणी देऊ केलं तर नाही म्हणा. मासा ठिपका रंगवलेलं साधं पीसही घेतो.

२२. मी डावखुरा आहे. वेगळी अवजारं लागतील का?

कात्री डावखुऱ्यांची घ्या. व्हाइस उलट बाजूला तोंड करून बसतो का ते पाहा, रोटरी असेल तर मूठ दुसऱ्या बाजूला लावता येते का तेही. बाकी सगळं चालतं. दोऱ्याचा पीळ सुटायची दिशा तुमच्या बाबतीत उलटी येते, म्हणून प्रश्न ११ मध्ये दिशा सांगितलेली नाही, बघायला सांगितलं आहे.

२३. समुद्रात वापरायच्या फ्लायसाठी काय बदलावं?

गळ स्टेनलेस किंवा कथिल चढवलेला. गोड्या पाण्याचा तपकिरी गळ खाऱ्या पाण्यात एका फेरीत गंजतो आणि डब्यातल्या शेजारच्या फ्लायही खराब करतो. दोरा १४० डेनियरच्या वर, दात असलेले मासे असतील तर डोक्यावर रेझिन. पंखाला बकटेल किंवा लांब कृत्रिम तंतू, कारण ते पाणी धरत नाहीत आणि फेकायला हलके राहतात. बॉब क्लाउझर यांनी नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी बांधलेली क्लाउझर मिनो, डंबेल डोळ्यांची आणि बकटेलची, आज समुद्रातही खूप वापरली जाते. घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, मगच डबा बंद करा.

२४. कृतीत दिलेलं साहित्य मिळत नाही. त्याऐवजी दुसरं घातलं तर ती तीच फ्लाय राहते का?

नावासाठी नाही, माशासाठी राहते, जर ते साहित्य तिथे कोणतं काम करत होतं हे तुम्ही ओळखलं असेल. वूली बगरच्या शेपटीतला मॅराबू रंगासाठी नाही, पाण्यात हलण्यासाठी आहे. त्याच्या जागी त्याच रंगाचा ताठ नायलॉन घातला तर सगळं गेलं, पण वेगळ्या रंगाची सशाची पट्टी घातली तर फ्लाय जिवंत राहते. मोराच्या शेपटीचे तंतू चमक आणि लवदार जाडी दोन्ही देतात, म्हणून त्याला पर्याय म्हणून घेतलेल्या डबिंगमध्ये थोडा हिरवा-तांबूस झगमगीत तंतू मिसळावा लागतो.

अडेल तिथे पेलाभर पाणी घ्या. मूळ फ्लाय आणि तुमची, दोन्ही दोऱ्याला बांधून त्यात वर-खाली करा. शेपटी तशीच हलते का, तेवढ्याच वेगाने खाली जाते का, ओला रंग जुळतो का, हे तिथे दोन मिनिटांत दिसतं. जुळलं तर बांधत सुटा.